बेअरिंग प्लेटची सुधारणा आणि रूळ-कामगार
(रेल्वे कामगारांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रेल्वेच्या प्रगतीविषयी बोलले जाते तेव्हा इंजिनांची शक्ती, गाड्यांचा वेग आणि नव्या मार्गांची लांबी यांचेच आकडे पुढे केले जातात. हा सारा डोलारा ज्या वस्तूंवर उभा असतो त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रूळ आणि त्याखालचा लाकडी स्लीपर यांच्यामध्ये बसवलेली लोखंडी प्लेट ही अशीच एक उपेक्षित वस्तू आहे. आपल्याकडील रेल्वे कामगार तिला बेअरिंग प्लेट म्हणतात. अमेरिकेत तिचा सर्वाधिक वापर झाला आणि आजही होतो. तेथे तिला टाय प्लेट हे नाव आहे. खिळ्यांसाठी भोके पाडलेला, दहा-अकरा किलो वजनाचा पोलादाचा एक तुकडा, एवढेच तिचे दृश्य स्वरूप. हा तुकडा कोणत्या कारणांनी सुधारत गेला आणि त्या सुधारणेबरोबर कोणता नवा धोका रुळाखाली येऊन बसला, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विषय तांत्रिक आहे खरा, परंतु तंत्राच्या पोटात श्रमाचा प्रश्न कसा दडलेला असतो याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रथम प्लेटचे काम समजून घेतले पाहिजे. अमेरिकेतील आजच्या मालगाडीची एक भरलेली वाघीण 2,86,000 पौंडांची, म्हणजे सुमारे 130 टनांची असू शकते. ती आठ चाकांवर उभी असते. म्हणजे एका चाकाखाली 16 टनांहून अधिक भार येतो. रूळ ताठ असल्यामुळे हा भार शेजारच्या स्लीपरांतही वाटला जातो. तरीही चाकाखालच्या स्लीपरवर निम्मा भार येतो असे धरले, तर तो आठ टन होतो. रुळाच्या तळाची रुंदी 6 इंच आणि स्लीपरची रुंदी 9 इंच असते. रूळ थेट लाकडावर ठेवला तर 54 चौरस इंचांवर हे आठ टन पडतात आणि दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 23 किलोचा दाब येतो. मध्ये पावणेआठ इंच रुंद आणि चौदा इंच लांब प्लेट घातली, तर टेकण्याची जागा दुप्पट होते आणि दाब निम्म्यावर, म्हणजे अकरा-बारा किलोंवर उतरतो. चाक धावत असताना बसणारे धक्के या हिशेबात धरलेलेच नाहीत.

हा दाब लाकडाला जड जातो, कारण तो तंतूंच्या आडव्या दिशेने येतो. स्लीपरचे तंतू त्याच्या लांबीत धावतात आणि रूळ त्यांच्यावर आडवा बसतो. तंतूंच्या दिशेने जो भार लाकूड सहज पेलते, तोच आडवा आला की तंतू चेपतात आणि फुटतात. वळणावर तर चाके रुळाला बाहेरच्या बाजूस रेटतात. रुळाच्या तळाची बाहेरची कड लाकडात रुतते, रूळ बाहेर कलतो आणि दोन रुळांमधले अंतर, म्हणजे गेज, वाढते. मग गँगमन खिळे उपसतात, जुन्या भोकांत लाकडी खुंट्या ठोकतात, वाकसाने लाकूड तासून पुन्हा सपाट करतात आणि नव्या जागी खिळे मारतात. असे तीन-चार वेळा झाले की कुजण्याआधीच लाकडात खिळा धरण्याचे बळ उरत नाही. अमेरिकेतील रूळ-कामगार अशा स्लीपरला ‘खिळ्यांनी मेलेला’ म्हणतात. शब्द अगदी नेमका आहे.

आता प्रश्न असा की, एवढी साधी गोष्ट रेल्वे सुरू झाल्याबरोबरच का केली गेली नाही? सपाट तळाचा रूळ आणि त्याला धरणारा आकडीच्या डोक्याचा खिळा यांची कल्पना अमेरिकेच्या कॅम्डेन अँड अँबॉय रेल्वेचा अध्यक्ष रॉबर्ट स्टीव्हन्स याने 1830 मध्ये मांडली. ब्रिटनमध्ये दुहेरी डोक्याचे रूळ जड ओतीव लोखंडी खुर्च्यांत बसवून मग लाकडावर ठेवले जात. अमेरिकेत मात्र लोखंड महाग आणि जंगल जवळजवळ फुकट होते. म्हणून रूळ नुसताच लाकडावर ठेवून चार खिळ्यांनी धरायचा आणि स्लीपर जवळजवळ टाकायचे ही पद्धत तेथे रूढ झाली. स्लीपर मेला तर दुसरा टाकावा; तो तासण्याचे, उपसण्याचे आणि बदलण्याचे श्रम करण्यासाठी स्थलांतरित मजूर होतेच. आयर्लंड, चीन, इटली आणि मेक्सिकोतून आलेल्या माणसांच्या टोळ्यांनी हे मार्ग बांधले आणि राखले. जेथे लाकूडही स्वस्त आणि माणूसही स्वस्त, तेथे प्लेटसारखी सुधारणा भांडवलदाराला खर्चिक चैन वाटणे स्वाभाविक होते.

रूळ आणि स्लीपर यांची झीज, ते बदलण्याचा खर्च आणि दुरुस्तीत जाणारे श्रम यांचा हिशेब कसा मांडावा, याचा ऊहापोह मार्क्सने ‘भांडवल’च्या दुसऱ्या खंडाच्या आठव्या प्रकरणात केलेला आहे. लार्डनर याच्या रेल्वे अर्थव्यवहारावरील 1850 च्या ग्रंथातील माहिती तेथे आधाराला घेतली आहे. ज्या साथींनी ते प्रकरण रुक्ष म्हणून बाजूला ठेवले असेल त्यांनी ते पुन्हा काढावे. रेल्वे कामगाराला त्यात आपले रोजचे काम ओळखू येईल.

परिस्थिती बदलली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. पूर्वेकडील जंगले संपत आली, स्लीपरचे भाव चढू लागले. ऑक्टेव्ह शनूट या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली अमेरिकन सिव्हिल इंजिनिअर्सच्या समितीने लाकूड टिकवण्याच्या उपायांवर 1885 मध्ये अहवाल दिला. (विमानविद्येच्या इतिहासात राइट बंधूंचा मित्र म्हणून जो शनूट ओळखला जातो तोच हा.) क्रिओसोट व झिंक क्लोराइड यांची प्रक्रिया केलेले स्लीपर हळूहळू रुळांखाली येऊ लागले. आणि येथे एक मोठी बोधप्रद गोष्ट घडली. लाकूड कुजणे थांबले, तेव्हा त्याच्या आयुष्याची मर्यादा झिजेने ठरू लागली. पाच-सात वर्षांत कुजणाऱ्या स्लीपरला रुळाने कापले तरी कोणाला फिकीर नव्हती. प्रक्रियेवर पैसा खर्च केलेला, पंधरा-वीस वर्षे टिकू शकणारा स्लीपर मात्र आठव्या वर्षी खिळ्यांनी मरणे कंपनीला परवडेना. प्लेटचा प्रसार झाला तो या हिशेबामुळे. एका दोषावर उपाय सापडला की त्याच्या आड लपलेला दुसरा दोष पुढे येतो. हे सूत्र पुढेही लागणार आहे.

सुरुवातीच्या प्लेट आजच्या मानाने लहान आणि पातळ होत्या. सर्व्हिस, गोल्डी, वुल्हॉप्टर अशा नावांनी त्या विकल्या जात. त्यांच्या खालच्या बाजूस पट्ट्या किंवा नख्या काढलेल्या असत. नख्या लाकडात रुतल्या की प्लेट हलणार नाही, अशी ही कल्पना. कागदावर ती निर्दोष होती. प्रत्यक्षात मात्र नख्यांनी तंतू कापले गेले, त्या चिरांतून पाणी आत शिरले आणि प्लेटखालीच कूज सुरू झाली. पातळ प्लेट भाराखाली वाकत. मधोमध लाकूड चेपले जाई आणि कडा वर उचलत. हे दोष जुने स्लीपर उपसणाऱ्या टोळ्यांना रोज दिसत होते. हळूहळू तळ सपाट झाला, जाडी वाढली, लांबी वाढत चौदा इंचांपर्यंत आणि जड मार्गांवर अठरा इंचांपर्यंत गेली.

इतर सुधारणाही तितक्याच विचार करण्यासारख्या आहेत. प्लेटच्या माथ्यावर रुळाच्या तळाला अडवणारी उभी कड काढण्यात आली. प्रथम एकाच बाजूस, नंतर दोन्ही बाजूंस. त्यामुळे रूळ बाहेर सरकू लागला की त्याचा रेटा एकट्या बाहेरच्या खिळ्याच्या मानेवर न येता सबंध प्लेटवर आणि तिच्या सर्व खिळ्यांवर येऊ लागला. रुळाची बैठक किंचित आत कललेली ठेवण्यात आली. अमेरिकेत हा कल 40 ला 1 इतका असतो, आपल्याकडे 20 ला 1. चाकाचा घेर निमुळता असल्यामुळे भार रुळाच्या मधोमध यावा, हा त्याचा हेतू. पूर्वी हा कल गँगमन स्लीपर तासून हाताने देत असत; आता तो कारखान्यातच प्लेटमध्ये घडवला जाऊ लागला. तिसरी सुधारणा म्हणजे रुळाची बैठक प्लेटच्या मध्यापासून थोडी आतल्या बाजूस घेऊन बाहेरची बाजू लांब ठेवणे, जेणेकरून बाहेर कलू पाहणाऱ्या रुळाला तेथे जास्त आधार मिळावा. फरक अर्ध्या इंचाच्या आसपासचा. वळणावरील स्लीपर कोठे जास्त कापले जातात हे वर्षानुवर्षे पाहिल्याखेरीज हा अर्धा इंच कोणाला सुचला नसता.

आणखी एक दोष राहिला होता. प्लेट स्वतःच लाकूड कापत होती. गाडी येते तेव्हा चाकाच्या पुढे आणि मागे रूळ किंचित उचलला जातो आणि चाकाखाली दबतो. ही लाट प्रत्येक चाकाबरोबर धावते. रुळाला धरणारे खिळेच प्लेटलाही धरत असले, तर लाटेबरोबर खिळे वर ओढले जातात, प्लेट सैल होते आणि स्लीपरवर घासू लागते. इंजिनाने टाकलेली वाळू आणि पावसाचे पाणी मध्ये गेले की प्लेट जात्यासारखी चालते. यावर उपाय म्हणून रूळ धरणारे खिळे वेगळे आणि प्लेट स्लीपरला जखडणारे खिळे वेगळे करण्यात आले. सोव्हिएत संघातील लाकडी स्लीपरच्या मार्गांवरही हीच पद्धत रूढ होती. काही ठिकाणी प्लेटखाली रबराची किंवा तंतूंची गादी घालण्यात आली. दोष कमी झाला. नाहीसा झाला नाही.

आपल्या देशाचा या इतिहासाशी संबंध जवळचा आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि त्यानंतरच्या दशकांत हिमालयातील देवदार, मध्य भारतातील साल आणि साग रुळांखाली गेले. 1865 आणि 1878 चे वनकायदे करण्यामागे स्लीपरसाठी लागणारे लाकूड सरकारच्या ताब्यात ठेवणे हे एक प्रमुख कारण होते, आणि त्याची किंमत जंगलावर जगणाऱ्या आदिवासींनी मोजली. आपल्याकडे पोलादी व ओतीव लोखंडी अशा दोन्ही प्रकारच्या बेअरिंग प्लेट आणि डॉग स्पाईक वापरात होते. परंतु ओतीव लोखंडाचे स्लीपर आणि नंतर काँक्रीटचे स्लीपर आल्यावर लाकडाचे क्षेत्र आकुंचित झाले. सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 च्या वनविषयक आदेशात लाकडी स्लीपरला पर्याय शोधण्याबाबत रेल्वेकडून खुलासा मागितला. आज भारतातील मुख्य मार्गांवर काँक्रीटचा स्लीपर आणि स्प्रिंगची क्लिप हीच जोडी दिसते. ज्याच्या हातात चाव्या ठोकण्याचा हातोडा होता त्या कीमनचे नाव मात्र, चाव्या गेल्या तरी, राहिले आहे. एका रुळाने जायचे आणि दुसऱ्या रुळाने परतायचे, ही त्याची रोजची पायी फेरीही राहिली आहे. ही फेरी साथींनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यावे लागेल.

अमेरिकेत लाकडी स्लीपरच टिकून राहिला. तेथील दहांतील नऊहून अधिक स्लीपर आजही लाकडाचे आहेत. वाघिणी जड होत गेल्या तसे तीव्र वळणांवर साधे खिळे अपुरे पडू लागले. तेव्हा नॉर्वेच्या पांडे-रोल्फसेन याने 1950 च्या दशकात काढलेल्या पँड्रोल क्लिपसारख्या स्प्रिंगच्या क्लिपा प्लेटमध्येच बसवण्यात आल्या. रूळ आता प्लेटला घट्ट धरला गेला. खिळ्याचे डोके वर येण्याचा प्रश्न उरला नाही, रूळ कलणे कमी झाले आणि वळणावर गेज अधिक काळ टिकू लागले. सुधारणा खरी होती, हे मान्य केले पाहिजे.

परंतु काही वर्षांनी प्लेट धरणारे खिळे आणि स्क्रू तुटलेले सापडू लागले. तुटण्याची जागा स्लीपरच्या माथ्याखाली सुमारे दीड इंचावर, म्हणजे लाकडाच्या पोटात. इलिनॉय विद्यापीठातील अभ्यासकांनी याची जी कारणमीमांसा केली ती अशी: जुन्या पद्धतीत रूळ लांबीच्या दिशेने सरकू नये म्हणून त्याला अँकर लावलेले असतात. ते स्लीपरच्या कडेला टेकतात आणि इंजिनाचा ओढ व ब्रेकचा रेटा थेट स्लीपरला देतात. स्प्रिंगच्या क्लिपमुळे अँकरची गरज नाही असे समजून ते काढले गेले. मग तोच रेटा रुळाकडून प्लेटला आणि प्लेटकडून खिळ्यांना जाऊ लागला. त्यातच रुळाची लाट येते तेव्हा क्लिपने जखडलेली प्लेट रुळाबरोबर उचलली जाते. प्लेट आणि लाकूड यांच्यातील घर्षण, जे एरवी बराचसा रेटा सोसते, त्या क्षणी नाहीसे होते आणि सारा भार खिळ्याच्या मानेवर येतो. वळणातला आडवा रेटा आणि हा लांबीचा रेटा एकत्र आले की पोलाद थकते आणि तुटते. जुना खिळा सैल झाला की त्याचे डोके वर येत असे आणि चालत जाणाऱ्या माणसाला ते वीस पावलांवरून दिसत असे. नवा खिळा तुटला तरी डोके जागेवरच राहते. हातोडा मारून किंवा उपसून पाहिल्याखेरीज तो तुटल्याचे कळत नाही.

3 जून 2016 रोजी ओरेगन राज्यातील मोझियर या छोट्या गावाजवळ युनियन पॅसिफिक कंपनीची कच्च्या तेलाची 96 वाघिणींची गाडी एका वळणावर घसरली. सोळा टाक्या रुळांवरून उतरल्या, काही पेटल्या, सुमारे 42,000 गॅलन तेल सांडले. शाळा रिकामी करावी लागली, शेजारचा महामार्ग बंद झाला. कोणी मेले नाही. कोलंबिया नदीच्या त्या दरीत जोराचा वारा नेहमीचा आहे, आणि त्या दिवशी तो नव्हता. फेडरल रेलरोड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी यंत्रणेच्या प्राथमिक चौकशीत कारण निघाले ते असे की, प्लेट स्लीपरला धरून ठेवणारे लॅग बोल्ट, म्हणजे मोठे स्क्रू, तुटलेले होते. त्यामुळे रूळ फाकले. कंपनीने मार्ग नीट राखला नाही, असा ठपका यंत्रणेने स्पष्टपणे ठेवला. तुटलेल्या तोंडांवर गंज होता, म्हणजे तुटून काही काळ लोटला होता. त्या मार्गाची तपासणी झाली नव्हती असे नाही. तपासणी झाली होती ती रुळांवरून चालणाऱ्या मोटारीतून. बसलेल्या माणसाला चालत्या गाडीतून तुटलेला स्क्रू दिसत नाही, पायी तपासणीत तो सापडण्याचा संभव असतो, हेही यंत्रणेने नोंदवले. त्यानंतर कंपनीने कबूल केलेला उपाय साथींनी नीट ऐकावा: त्या वळणांवरील लॅग बोल्ट काढून तेथे पुन्हा साधे खिळे बसवायचे, कारण खिळ्यांतला दोष तपासनिसाला सहज दिसतो.

याचा अर्थ जुनी प्लेट चांगली आणि नवी वाईट, असा काढणे चूक ठरेल. नव्या प्लेटमधला दोष दुरुस्त होऊ शकतो आणि त्या दिशेने काम चालू आहे. क्लिपबरोबर अँकरही ठेवणे, स्क्रूच्या डोक्याखाली स्प्रिंगचे वॉशर घालून प्लेट सतत लाकडावर दाबून धरणे, असे उपाय पुढे आले आहेत. भाराखाली रूळ बाहेर ढकलून गेज किती ताणले जाते हे मोजणारी यंत्रेही आहेत, आणि ती माणसाच्या डोळ्याला न दिसणारा कमकुवतपणा पकडतात. यंत्राला विरोध करणे हा कामगार चळवळीचा मार्ग नव्हे. वाद आहे तो वेगळ्याच ठिकाणी. एका किलोमीटरच्या मार्गात सुमारे दोन हजार स्लीपर आणि चार हजार प्लेट असतात. प्रत्येकीला चार खिळे धरले तर सोळा हजार खिळे. जिच्यातला दोष वरून दिसत नाही अशी प्लेट मार्गात घालायची असेल, तर तिच्याबरोबर पायी तपासणीचे तास वाढले पाहिजेत. कंपन्यांनी केले ते याच्या उलट. देखभाल कमी लागते हे सुधारणेचे कारण म्हणून सांगितले गेले आणि देखभाल करणारी माणसे कमी केली गेली.

किती कमी केली? अमेरिकेच्या सरफेस ट्रान्स्पोर्टेशन बोर्डाचे तत्कालीन अध्यक्ष मार्टिन ओबरमन यांनी 2022 मध्ये जाहीरपणे सांगितले की, मोठ्या रेल्वे कंपन्यांनी सहा वर्षांत आपले 29 टक्के, म्हणजे सुमारे 45,000 कामगार कमी केले. ही कपात सर्व खात्यांतली आहे. रूळ-कामगार तिच्यातून सुटलेले नाहीत. एका टोळीकडे जेवढे मैल पूर्वी होते त्याहून किती तरी अधिक आज आहेत.

या कामगारांची संघटना जुनी आहे. 1887 मध्ये अलाबामा राज्यातील डेमोपोलिस गावी जॉन विल्सन या फोरमनने काही सहकाऱ्यांसह ती स्थापन केली. आज ती टीमस्टर्स संघटनेचा विभाग आहे. 2022 मध्ये नव्या कराराचा मसुदा तिच्या सभासदांपुढे मताला आला. त्यात पाच वर्षांची मिळून 24 टक्के पगारवाढ होती, तरीही ऑक्टोबरमध्ये 56 टक्के मतांनी तो फेटाळला गेला. मुख्य कारण म्हणजे आजारपणाची पगारी रजा. पावसात आणि बर्फात वळणावळणावरचे खिळे तपासणाऱ्या माणसाला ताप आला तर पगार बुडवून घरी बसावे लागे, किंवा ताप अंगावर घेऊन कामावर जावे लागे. अमेरिकन संसदेने संप टाळण्यासाठी करार कायद्याने लादला आणि 2 डिसेंबर 2022 रोजी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी त्यावर सही केली. सात दिवसांच्या पगारी रजेचा वेगळा ठराव सिनेटमध्ये 52 विरुद्ध 43 अशी मते पडूनही साठ मते हवी म्हणून नापास झाला. मे 1974 चा आपल्याकडील संप ज्यांनी पाहिला किंवा ज्यांच्या घरात त्याच्या आठवणी आहेत, त्यांना हे ओळखीचे वाटेल.

हा प्रश्न तेथे संपला नाही. संघटनेने कंपन्यांवरील दबाव चालू ठेवला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये सीएसएक्स या कंपनीने रूळ-कामगारांना वर्षाला चार दिवसांची आजारपणाची पगारी रजा मान्य केली. इतर कंपन्यांना मागोमाग तसे करार करावे लागले. टोळीत माणसे किती असावीत आणि वळणावर पायी तपासणी किती दिवसांनी व्हावी, हे मुद्दे त्या करारात नाहीत. व्याख्यानानंतरच्या चर्चेत आपापल्या विभागातील कीमनच्या फेरीची लांबी आणि टोळीतील रिकाम्या जागा यांची माहिती साथींनी मांडावी.